अर्ध्या सर्टिफिकेटवर अर्धी पेंड

"मॅडम, तुमी आधी इकडं या. गेटावर ही गर्दी झालीय. लोक म्हणायलेत, जीव गेला तरी जमीन देणार न्हाई."

फोन कंपनीचे अकाउंटंट देशमाने यांचा होता. माणूस एरवी इतका थंड, की ऑडिटर समोर बसलेला असताना डबा उघडून जेवू शकतो. त्या दिवशी त्याचा आवाज चिरकला होता.

"जमीन कुणी मागितली, देशमाने?"

"आपणच म्हणं."

"आपण पेंड विकतो."

"ते मला ठाव हाय हो. पर नोटिशीत लिवलंय म्हणायलेत."

मी बीडच्या ऑफिसात होते. कपाटातून नोटिशीची कॉपी काढली. इंग्रजी नोटीस मी तपासून दिली होती. मराठी मसुदा पुण्याच्या सल्लागाराने परस्पर छापून सगळ्या शेअरहोल्डरना पाठवला होता. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'समभागांचे एकत्रीकरण करणेबाबत'. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्याकडे शेअरला कुणी समभाग म्हणत नाही. 'शेर' म्हणतात. आणि एकत्रीकरण हा शब्द लोकांना एकाच कारणाने पाठ आहे. सरकारने मागे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले, ते एकत्रीकरण. त्यात कुणाची विहीर शेजाऱ्याच्या गटात गेली, कुणाचा बांध हलला, आणि त्यातल्या काही भांडणांच्या कोर्टातल्या तारखा आता नातवंडं घेतात. नोटीस वाचून लोकांनी सरळ अर्थ काढला, की कंपनी आपले सगळ्यांचे भाग एकत्र करून कुणाच्या तरी घशात घालणार. अर्थ चुकीचा होता. भीती मात्र अगदीच चुकीची नव्हती.

मी कंपनी सेक्रेटरी. हे सांगितलं की शहरातले लोक मला टायपिंगचा स्पीड विचारतात आणि खेड्यातले पीककर्ज मागतात, कारण तिकडे सेक्रेटरी म्हणजे सोसायटीचा. माझं काम वेगळं. कंपनीने सभा कशी घ्यायची, ठराव कसा करायचा, शेअर कुणाच्या नावावर कसा चढवायचा, हे सगळं कायद्यात बसवून देणं. फी कंपनी देते, म्हणून मी कंपनीची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर उलट पार्टीची असल्याचा आरोप झाला.

लातूरला रेल्वेने पाणी आणलं, त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. बीडचंही वेगळं काही नव्हतं. बोअर कोरडे, नळ कधी येईल याची कुणाला खात्री नाही. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या उसाचाच पत्ता नाही म्हणून लवकर परत आलेल्या. वडवणीच्या पुढे माळावर ही कंपनी. जुन्या मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर मिळणारी सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या लोकांनी मजुरीतून रुपया-रुपया काढून आधी सहकारी संस्था उभी केली, जनावरांच्या पेंडीची. पुढे संस्थेची कंपनी झाली. शेअर दहा रुपयांचा. शेअर बाजारात तिचं नाव नाही, त्यामुळे भाव कुठे छापून येत नाही. डिव्हिडंड मिळाल्याचं कुणाला आठवत नाही.

तरी लोक तो शेर देवासारखा जपायचे, कारण कंपनीच्या नियमावलीत संस्थेच्या काळातलं एक कलम तसंच राहून गेलं होतं. सभासदाला पेंड सभासदाच्या दराने मिळेल, आणि दुष्काळ पडला तर कंपनीच्या चारा छावणीत सभासदाच्या जनावराला आधी जागा मिळेल. चांगल्या सालात या कलमाकडे कुणी ढुंकून बघत नसे. त्या उन्हाळ्यात माळावर दावणीच्या दावणी त्या कलमावर उभ्या होत्या.

माझी आई त्या जुन्या दुष्काळात चौसाळ्याजवळच्या रस्त्यावर खडी फोडत होती. शेर घेण्याइतका रुपया तिच्याजवळ उरला नाही, हे ती शेवटपर्यंत बोलून दाखवायची. बीडहून कंपनीच्या गेटवर पोचले, तिथे बसलेल्या बायका बघितल्या, तेव्हा मला तीच आठवली, आणि मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. पुण्याच्या सल्लागाराचा म्हणून ठेवू.

चेअरमनना सगळे आप्पा म्हणत. ते ऑफिसात पंख्याखाली बसले होते आणि लाइट गेलेली होती.

"सांगा आता," ते म्हणाले. "बसल्या जागी जमीनचोर झालो."

"जमीन जाणार नाही, आप्पा. पण यांचे शेअर जाणार आहेत."

"जाणार कुठं? शंभराचा एक होणार. किंमत तीच राहती, तुमीच सांगितलं."

सांगितलं होतं, आणि खरंच होतं. याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात. समजा तुमच्याकडे दहाच्या शंभर नोटा आहेत. त्या मी घेतल्या आणि हजाराची एक नोट दिली. तेव्हा हजाराची नोट चालत होती. यात तुम्ही श्रीमंत झाला नाहीत आणि गरीबही नाही. बाजारातल्या कंपन्या भाव फार खाली गेला की असं करतात, म्हणजे भाव जरा दिसायला बरा दिसतो. लहान कंपनी करते तेव्हा कारण बहुधा वेगळं असतं. तिला सभासद कमी करायचे असतात.

ते कसे कमी होतात बघा. ज्याच्याकडे शंभर नोटा नाहीत, साठच आहेत, त्याला हजाराची नोट कशी देणार? त्याच्या वाट्याला येतो शेअरचा तुकडा. कायद्याच्या भाषेत फ्रॅक्शन. तुकडा कुणाच्या नावावर ठेवता येत नाही. कंपनी असे सगळे तुकडे गोळा करून विकते, ज्याचे पैसे त्याला देते आणि त्याचं नाव रजिस्टरमधून काढते. पैशात तो बुडत नाही. तो फक्त सभासद उरत नाही.

आता पैसे घेऊन करायचं काय? त्या उन्हाळ्यात नोटा दाखवूनही कडबा मिळत नव्हता. जनावर छावणीबाहेर काढलं की बाजार, आणि बाजारात घेणारा फक्त खाटीक. आणि गेटवरच्या बहुतेकांकडे शंभरपेक्षा कमी शेअर होते.

आप्पा वाईट माणूस नव्हते. नवीन प्लांटला पैसे लावायला पुण्याचा एक गुंतवणूकदार तयार होता. त्याची अट एकच, ही हजारोंची यादी आटोपशीर करा. त्यात गैर काही नाही. दरवर्षी सभेच्या नोटिसा जायच्या आणि त्यातल्या गठ्ठाभर पोस्टमनच्या 'ऊसतोडीस गेले' या शेऱ्यानिशी परत यायच्या.

"हे लोक ठराव पाडतील का?" आप्पांनी विचारलं.

"हात वर करून मतं घेतली तर पाडतील. डोकी त्यांची जास्त आहेत. पण तुम्ही पोल मागाल. पोलमध्ये डोकी मोजत नाहीत, शेअर मोजतात."

"मग झालं की."

"झालं. ठराव पास. दुसऱ्या दिवशी छावणीतली जनावरं सोडायला कोण जाणार? तुम्ही, का पुण्याचे साहेब?"

आप्पांनी नोटीस उलटी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, तुमी नक्की कुणाच्या बाजूनं हाय?"

"कंपनीच्या. गेटवर बसलेत ते अजून तरी कंपनीच आहेत."

त्यांना राग आला. पण उठून गेले नाहीत, आणि मलाही जा म्हणाले नाहीत. मग मी पुढचं सांगितलं. एक शेअर दोघांनी मिळून धारण करायला कायद्याची ना नाही. जॉइंट अकाउंटसारखंच. साठवाला आणि चाळीसवाला यांनी रेकॉर्ड डेटच्या आधी आपले शेअर दोघांच्या नावे करून घेतले, तर मिळून शंभर होतात आणि एक अख्खा नवा शेअर मिळतो. रेकॉर्ड डेट म्हणजे रजिस्टरमध्ये त्या दिवशी जे नाव असेल ते खरं, असा दिवस. दोघांची नोंद एकच होते, त्यामुळे यादी आखूड होते. गुंतवणूकदार खूश. बोर्डाने एका ओळीचा ठराव करायचा, की पेंड आणि छावणी जोडीतल्या दोघांनाही मिळेल. म्हणजे जनावरं जागेवर.

"आणि ज्याला जोडीदार मिळाला न्हाई?"

"त्याला चेक. पण शोधायला वेळ तरी द्या. रेकॉर्ड डेट पुढे ढकला."

आप्पांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. ते जे बोलले ते छापता येणार नाही. रेकॉर्ड डेट मात्र आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या पुढे गेली. त्या फोनची मी आजही आभारी आहे. व्यवहार हातचा गेला असता तर लोकांनी त्यांनाच शिव्या घातल्या असत्या, माझं नाव कुणी घेतलं नसतं.

वडवणीच्या बाजारच्या दिवशी आम्ही बाजारात टेबल टाकलं. मी, देशमाने आणि ट्रान्सफर फॉर्मचा गठ्ठा. मी माइक घेऊन समजावायला लागले. फ्रॅक्शन सांगितलं. कुणी हललं नाही. 'संयुक्त धारक' म्हटलं तर एका आजोबांना वाटलं, पुन्हा सगळ्यांनी एका चुलीवर जेवायचंय. ते म्हणाले, "ते आता जमायचं न्हाई. सुना ऐकायच्या न्हाईत." नोटांचं उदाहरण दिलं, तर मागून कुणीतरी, "आधी नोटा तर दावा," म्हणालं आणि सगळे हसले. एक बाई पुढे येऊन "जयभीम मॅडम," म्हणाली. मला वाटलं, हिला तरी कळलं. ती म्हणाली, "घसा बसलाय तुमचा, पाणी प्या," आणि तांब्या ठेवून गेली.

बन्सी मुकादम इतका वेळ टेबलाला टेकून तंबाखू मळत होता. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा माणूस, आवाज पार धान्याच्या मोंढ्यापर्यंत जाईल असा. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "म्हंजे मॅडम, अर्धा कोयता चालणार न्हाई, असंच ना?"

मी माइक खाली घेतला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. बहुतेक नवरा-बायको. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. त्याला उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, अर्धी, आणि मुकादमाची मर्जी असली तरच टोळीत जागा.

"असंच," मी म्हटलं.

बन्सीने माझ्या हातातला माइक घेतला. त्याला त्याची गरज नव्हती. "आयका रे! कंपनी आता अर्धा कोयता घेणार न्हाई. ज्याचे शंभर भरत न्हाईत त्यो अर्धा. जोडी लावून या, आखितीच्या आत. मागून मला सांगू नका."

बाजार हलला. माझी सगळी डिग्री जे करू शकली नाही ते त्या दोन शब्दांनी केलं. मी बन्सीला नंतर चहा पाजला आणि त्याचे आभार मानले, तर तो म्हणाला, "आभार राहू द्या, मला सोसायटीचं कर्ज मिळतं का बघा."

पुढे देशमाने आणि मी मान वर करू शकलो नाही. चुलत भाऊ, मेहुणे, शेजारी, विहीण-विहीण, जोडीने यायला लागले. भांडण फक्त एका गोष्टीवरून. फॉर्मवर पहिलं नाव कुणाचं? कारण नोटीस पहिल्या नावाने येते आणि मतही तोच देतो.

"माझं नाव आधी."

"कामून रे? माझे साठ हायेत, तुझे चाळीस."

"वयानं थोरला कोण?"

"मग म्हसरं बी वयावर मोजू का?"

एका बाईने नवऱ्याला बाजूला सारून सांगितलं, "पहिलं माझं लावा. हे नोटीस वाचीत न्हाईत, तंबाखूच्या इड्या बांधत्यात तिच्यात."

अशा गडबडीत गयाबाई आल्या. पन्नाशीच्या असतील. कमरेच्या पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. शेअर सर्टिफिकेट होतं. म्हणजे अर्धं होतं. मधोमध, कात्रीने, अगदी सरळ कापलेलं. कंपनीच्या सर्टिफिकेटवर बैलाचं चित्र असतं. गयाबाईंच्या कागदावर बैलाचं तोंड आणि पुढचे पाय होते.

"उरलेलं कुठंय?"

"जावंकडं. सुंदराबाईकडं. शेपटाकडलं तिचं."

सासऱ्यांच्या नावचे शंभर शेर. सासरे गेले, दोघी जावांचे नवरे वेगळे झाले. जमीन अर्धी-अर्धी, भांडी अर्धी-अर्धी, शेळ्या वाटल्या. शेर राहिला होता, तर पंचांनी तोही कात्रीने वाटून दिला. पन्नास याचे, पन्नास त्याचे. पुढे दोघींचेही नवरे गेले आणि कागद बायकांकडे आले.

"आणि यावर तुम्हाला पेंड कशी मिळते?"

"मिळती की. अर्धी."

मी गोदामाच्या शेखचाचांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हौ मॅडम. आधा कागज, आधी पेंड. हिसाब में कुछ गडबड है क्या?"

हिशोबात काही गडबड नव्हती. इतकी वर्षं चाचांनी दोन्ही घरांना बरोबर निम्मी पेंड दिली होती. मी हसायला लागले. देशमानेही हसले. गयाबाई हसल्या नाहीत.

"मॅडम, माजी एक म्हैस हाय छावणीत. गाभण हाय. तिला सोडली तर मी काय दावणीला बांधू?"

माझं हसू गेलं. मी देशमान्यांना रजिस्टरमधली नोंद बघायला लावली. तिथे अजून सासऱ्यांचंच नाव होतं आणि पुढे शंभर. कुणीच कधी काही बदललं नव्हतं. म्हणजे कात्री कागदावर चालली होती, शेअरवर चालली नव्हती. शेअर अख्खे शंभरच होते. इतर लोक तुकडे जोडायला जोडीदार शोधत होते, आणि या दोघी काही न करता आधीच एक कोयता होत्या. पण आता त्या शंभराचा एक होणार, आणि एक शेअर कुठल्याच पंचांना कापता येणार नाही. तो दोघींच्या नावे मिळूनच राहू शकत होता. रेकॉर्ड डेटनंतर पेंड आणि छावणी नव्या सर्टिफिकेटवरच मिळणार होती. नवं सर्टिफिकेट हवं तर जुन्याचे दोन्ही तुकडे जमा करायचे आणि वारस म्हणून दोघींनी सह्या करायच्या. एक तुकडा हरवल्याची जाहिरात, बंधपत्र वगैरे दुसरा रस्ता असतो. त्याला वेळ लागतो, आणि आखिती तोंडावर आली होती.

"जावंला घेऊन या," मी म्हटलं.

"ती येणार न्हाई. आमी बोलत न्हाई."

"किती दिवस?"

"दिवस न्हाई मॅडम. लई वर्सं."

विहीर वाटणीत गयाबाईंकडे आली होती. एका उन्हाळ्यात त्यांनी सुंदराबाईंना पाणी भरू दिलं नाही. एवढंच कारण. त्या विहिरीत आता थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छावणीत गेले. कंपनी सेक्रेटरीने छावणीत जायचं असतं असं कुठल्या पुस्तकात नाही. माणसं जनावरांजवळच राहत होती. दावणीमागे कापडाची सावली, सावलीत चूल, पेटी, मडकं. सुंदराबाईंच्या दोन गायी आणि गयाबाईंची म्हैस एकाच ओळीत बांधलेल्या, मध्ये परक्यांची दोन-तीन जनावरं. मी सुंदराबाईंसमोर बसले. पलीकडे गयाबाई शेण भरत होत्या. जागा केव्हाच साफ झाली होती, तरी भरतच होत्या.

मी सगळं सांगितलं. सुंदराबाई ऐकून म्हणाल्या, "तिच्या नावाला माजं नाव लावायचं न्हाई. पाण्याला न्हाई म्हनली व्हती ती मला. घागर रिकामी घिऊन आलते मी."

"नाही लावलं तर दोघींची जनावरं बाहेर जातील."

"जाऊ द्या."

यावर माझ्याकडे कलम नव्हतं. मी गप्प बसले. वकिलीत किंवा आमच्या धंद्यात गप्प बसायची फी मिळत नाही, म्हणून आम्हाला ते नीट येत नाही. सुंदराबाईंनी गाईपुढची वैरण सारखी केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बन्सी मुकादम बाजारात म्हनला, एका शेराला दोन नावं म्हंजे एक कोयता. खरं हाय?"

"खरं आहे."

"आमी व्हतो एक कोयता." त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला. "हिचा मालक गेला त्या साली. माजे मालक पाय मोडून घरी पडलेले. उचल तर खाऊन बसलेलो. मुकादम म्हनला, दोन अर्ध्या बाया घिऊन मी काय करू? आमी म्हनलं, ने तर खरं. ती तोडायची, मी मोळ्या बांधायचे. लई हात होता तिचा. सगळ्या टोळीत आमची गाडी आधी भरायची."

बोलता बोलता त्यांचा आवाज मोठा झाला होता. पलीकडे शेण भरायचं थांबलं होतं.

सुंदराबाई उठल्या. पेटी उघडली, साड्यांच्या तळातून कागद काढला. बैलाचं शेपूट. मग पहिल्यांदाच त्या ओळीच्या पलीकडे बघून ओरडल्या, "गये, चल. कागद घे तुजा."

गयाबाई म्हणाल्या, "घेतलाय."

मला तिथे रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही.

ऑफिसात दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले, तर बैल बरोबर जुळला. पंचांची कात्री सरळ होती. मृत्यूचे दाखले, मुलांची 'हरकत नाही'ची पत्रं, सगळं दोन दिवसांत गोळा झालं. शेखचाचांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि मला हळूच विचारलं, "अब पूरी पेंड एक को देनी, के आधी-आधीच?" मी म्हटलं, आधी-आधीच.

देशमान्यांनी पेन उघडलं. "पहिलं नाव कुणाचं?"

बाजारात याच प्रश्नावर गळे धरले गेले होते. मी सावरून बसले.

गयाबाई म्हणाल्या, "तिचं लावा. थोरली हाय."

सुंदराबाई म्हणाल्या, "न्हाई. तिचं लावा. तोडणारीचं आधी, बांधणारीचं मागून."

"थोरलीचं आधी असतंय."

"ते घरात. उसाच्या फडात न्हाई."

देशमान्यांचं पेन हवेत. ते माझ्याकडे बघायला लागले. शेवटी गयाबाई म्हणाल्या, "बरं, लावा माजं. पर इहिरीला पाणी आलं की ते दोघींचं. हे बी लिवा त्यात."

"हे फॉर्मात बसत न्हाई, बाई," देशमाने म्हणाले.

मी म्हटलं, "तोंडी चालेल."

सभा झाली. पोल झाला, ठराव पास झाला, पुण्याचे पैसे आले, प्लांट उभा राहिला. यादी आखूड झाली आणि छावणीतल्या जवळजवळ सगळ्या दावणी जागेवर राहिल्या. सगळेच वाचले असं म्हणणार नाही. काही जण कामाला पुण्याकडे, कर्नाटकात गेलेले, त्यांच्यापर्यंत निरोपच गेला नाही. त्यांना चेक गेले. त्यातले दोघं नंतर माझ्या ऑफिसात येऊन भांडून गेले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं, त्यापलीकडे देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

गयाबाईंची म्हैस छावणीतच व्याली. मला स्टीलच्या डब्यातून चीक आला. डबा सुंदराबाईंचा होता, त्यावर त्यांच्या मालकाचं नाव कोरलेलं. त्याच्या खरवसाच्या वड्या आम्ही ऑफिसात वाटून खाल्ल्या.

या धंद्यात मी मोठ्या कंपन्यांची कामं केली, फायली काढल्या, सर्टिफिकेटं भिंतीला लावली. पण जॉइंट होल्डिंग म्हणजे काय, हे मला बन्सी मुकादमाने, दोन जावांनी आणि शेखचाचांच्या तराजूने शिकवलं. आप्पांनी फोन केला नसता तर ते शिकायलाही वेळ उरला नसता. या माणसांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फेडायची मला घाई नाही.

धंद्याचं म्हणून एवढंच सांगते. तुमच्याकडे एखाद्या लहान कंपनीचे थोडे शेअर असतील आणि रिव्हर्स स्प्लिटची नोटीस आली, तर ती विडीला वापरू नका. किती जुन्यांचा एक नवा होणार, रेकॉर्ड डेट कधी आहे, आणि सभासद म्हणून पैशाशिवाय तुम्हाला काय मिळत होतं, हे बघा. शेअरच्या भावाकडे नंतर बघितलं तरी चालेल. आधी वाटणीत तुटलेल्या भावाकडे जा. रेकॉर्ड डेटच्या आत.